कमरेइतका पाया

साखऱ्याच्या माळापलीकडच्या तांड्यात एक बोलणं रुळलं होतं, आणि तांड्याबाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही. कुणाच्या घरचा चहा पांचट झाला, कुणी पिऊन झुलत येताना दिसला, की पोरंबाळं ओरडायची, "गढूळ आलं, पळा!" आणि सगळे हसायचे. हे बोलणं त्यांना एका इंजिनिअरनं दिलं होतं. पाझर तलावाचं काम निघालं तेव्हा पहिल्या दिवशी तो एका दगडावर उभा राहून म्हणाला होता, की पुढं कधी भरावाच्या पायथ्याशी निवळ पाणी पाझरलं तर घाबरू नका, त्याच्यासाठीच सरकार तलाव बांधून देतंय. पण गढूळ आलं तर पळा. एवढं बोलून तो स्वतःच जीपमध्ये बसून निघून गेला, आणि पुढं बरेच दिवस कुणाला दिसला नाही. त्यामुळं त्याच्या बोलण्याची थट्टा झाली ती झालीच. तेव्हा तलावही नव्हता आणि पाणीही नव्हतं, थट्टा करायला काय लागतं?

पण त्या श्रावणात रुख्मिणीबाई शेळ्यांना पाला तोडायला भरावाखाली गेली, तिथं तिला पाण्याची एक धार दिसली, आणि तिला हसू आलं नाही.

धार करंगळीएवढी होती. गवतातून निघून ओढ्याकडे जात होती. पायथ्याला ओल तर गेल्या महिन्यापासूनच होती, बायका तिथं हातपाय धुवायच्या, पाणी आरशासारखं नितळ असायचं. आज ते चहाच्या रंगाचं होतं. जिथून धार निघत होती तिथं वारुळासारखा मऊ मातीचा एक ढीग साठला होता. रुख्मिणीबाईनं त्या मातीत बोटं घातली. काळी, लोण्यासारखी माती. ती माती तिनं ओळखली. तांड्यातल्या बायकांनीच ती गाळाच्या शेतातून पाट्या भरभरून आणली होती, आणि ती कुठं घातली होती हेही तिला ठाऊक होतं.

हे सगळं नीट कळायचं तर थोडं मागं जावं लागेल.

हा तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर हिंडले. रेल्वे आली, मोटारी आल्या, आणि बैल नि माणसं दोघंही कोरडवाहू माळावर येऊन बसली. पाऊस पडला तर ज्वारी, न पडला तर दगड. दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक यायचे आणि धडधाकट माणसं लेकराबाळांसकट घेऊन जायचे, ती गुढीपाडव्याला परत. मागं म्हातारी माणसं आणि कुत्री राहायची. हिंगोली परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाली, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात तांड्याच्या वरच्या अंगाला पाझर तलाव मंजूर झाला. नायक फुलसिंगनं त्यासाठी चपला झिजवल्या होत्या. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याचा शब्द मोडायची पद्धत नाही. आणि फुलसिंग माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं त्याचा राग येईल.

काम तांड्यालाच मिळालं. पुरुष खोदायचे, बायका पाट्या वाहायच्या. कधी बायकाही टिकाव घ्यायच्या. भराव घालायच्या आधी त्याखाली खोल चर खोदायचा, कठीण मुरूम लागेपर्यंत, आणि मग तो चर काळ्या मातीनं ठासून भरायचा, म्हणजे पाण्याला खालून वाट सापडत नाही. चर ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत नीट चालला होता. मग ती जागा आली.

बंजाऱ्यांत लग्न झालेलं माणूस गेलं तर त्याला अग्नी देतात. लेकरांना मातीत ठेवतात. तांड्याची लेकरं त्या ओढ्याच्या काठाला, पळसाच्या झाडांखाली ठेवलेली होती. गोवरानं गेलेली, जुलाबानं गेलेली, नुसतीच गेलेली. रुख्मिणीबाईची रुपा तिथं होती. नुकती बोलायला लागली होती, 'याडी', म्हणजे आई, म्हणायला शिकली होती, आणि एका तापात गेली. चराच्या आखणीची दोरी बरोबर त्या पळसांखालून गेली होती.

इंजिनिअरनं दोरी मारली तेव्हा त्याला हे कुणी सांगितलं नाही. सांगायला तो होता कुठं? आणि पहिली ओळ खोदायची वेळ आली तेव्हा रुख्मिणीबाईनं टिकाव उचलला, आणि तसाच खाली ठेवला. तिच्या मागं बाकीच्या बायकांनी ठेवले. पुरुषांनी थोडं खोदलं, कमरेइतकं. त्याच्या खाली जायला कुणाचा हात धजेना. फुलसिंगनं सगळ्यांची तोंडं पाहिली आणि ठरवलं, की एवढा तुकडा राहू दे. माती मात्र चांगली घाला. बायकांनी मग मनापासून माती घातली. गाळाची, चाळून, पाण्यानं भिजवून, धुम्मस मारून घट्ट ठोकून. वर गूळ-तुपाचा भोग लावला. सरकारी कामात कुणी इतका जीव ओतत नाही, पण लेकरांच्या अंगावरचं पांघरूण होतं ते. पुढं इंजिनिअर आला तोवर वर भराव चढलेला होता, आणि भरावाखालचं कुणाला दिसतं?

त्यानंतरची वर्षं पावसानं पाठ फिरवली. तलावात गुडघाभर पाणी साठायचं आणि होळीआधी आटायचं. लोक म्हणायचे, सरकारनं म्हशींना डुंबायला डबकं बांधून दिलं. पण यंदा पाऊस लागला तो थांबेचना. तलाव काठोकाठ भरला, इतका की भरावावर उभं राहिलं तर छातीत धडधडावं. खालच्या विहिरींना पाणी चढलं. रुख्मिणीबाईच्या पोरानं, रणजीतनं, सांडव्याच्या खालच्या तुकड्यात आयुष्यात पहिल्यांदा हळद लावली. सांडवा म्हणजे तलावाच्या एका कडेची जादा पाण्याची वाट. तिथून निघालेलं पाणी तांड्याला वळसा घालून पलीकडच्या ओढ्याला जातं. हळदीला पाणी मिळालं की हिंगोलीच्या बाजारात तिचं सोनं होतं, हे रणजीत दिवसातून दहादा सांगायचा. यंदा ऊसतोडीला जायचं नाही, असं त्यानं मुकादमाच्या तोंडावर सांगून टाकलं होतं.

आणि ते त्याच्या जिवाला लागलं होतं, त्याला कारण होतं. त्याची बायको मिना हिचं पहिलं लेकरू उसाच्या फडात झालं होतं, पाचटाच्या कोपीत. तिथंच ते गेलं. त्याला तांड्यात आणताही आलं नाही. कुणाच्या तरी बांधाला पुरलं आणि मिनाला मोळ्या बांधायला उभं राहावं लागलं. आता ती दुसऱ्यांदा बाळंत झाली होती, आपल्या घरात, आपल्या माणसांत. मुलगी झाली होती. बंजाऱ्यांत बाळंतीण 'जळवा' केल्याशिवाय, म्हणजे पाण्याची पूजा केल्याशिवाय, उंबरा ओलांडत नाही. मिनाचा जळवा या नव्या तलावावर करायचा, हे रुख्मिणीबाईनं मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. एवढं पाणी तांड्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या पाण्याला हात जोडायलाच हवे होते.

तर आता ते पाणी गढूळ धारेनं बाहेर येत होतं.

पाला तिथंच टाकून रुख्मिणीबाई फुलसिंगकडे गेली. तो तिच्या नवऱ्याच्या भावकीतला, तिला भोजाई म्हणायचा, म्हणजे वहिनी. तो आला, वाकून पाहिलं, आणि सरळ होऊन दुसरीकडेच बघायला लागला. म्हणाला, वरच्या अंगानं म्हसरं पाण्यात उतरली असतील.

"म्हसरं भरावाच्या आतून चालतेत काय?" रुख्मिणीबाई म्हणाली.

फुलसिंगनं आजूबाजूला कुणी नाही ना पाहिलं. मग हळू आवाजात बोलला. "भोजाई, हापिसाला कळलं तर पह्यले पाणी सोडतील. मंग इचारतील, पाया कोनं सोडला. रस्ता मंजूर हाय, शाळेची खोली मंजूर हाय, समदं थांबंल. आन् मंग म्हनतील, खोदा. तुजी रुपा बी खोदावी लागंल. हाय तयारी?"

तिची तयारी नव्हती. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, असं झालं. फुलसिंगनं दोन माणसांना बोलावून धारेच्या तोंडावर दगड नि मातीची पोती रचायला लावली आणि सगळ्यांना सांगितलं, की घाबरायचं कारण नाही, तलाव आहे, पाझरणारच. नायकानं सांगितलं म्हणून लोकांनी मान डोलावली. पण त्या दिवशी कुणीही कुणाला 'गढूळ आलं' म्हणून चिडवलं नाही. एका पोरानं चुकून म्हटलं, तर त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर मारलं.

म्हातारी धुरपती, जिनं मिनाचं बाळंतपण केलं होतं, ती चुलीपाशी बसून म्हणाली, की लेकरं रडून राहिली. इतकी वर्षं तहानलेली होती, आता पाणी आलं तर उठून बसली. रुख्मिणीबाईनं तिला गप्प केलं. पण शब्द मनात गेला तो गेलाच. ती शेकोटीत गोवरी घालत होती आणि तिच्या डोळ्यांपुढं ती काळी माती येत होती. ती माती कशाच्या वरून वाहून आली होती, हा विचार ती पुन्हा पुन्हा बाजूला सारत होती. मिना बाजेवर लेकराला पाजत होती. घराच्या दारातून पाहिलं की पलीकडे भराव दिसायचा, आणि त्याच्या पलीकडे, घराच्या आढ्यापेक्षा उंच, ते सगळं पाणी. आजवर ती भिंत पाहून तिला बरं वाटायचं. आता तिच्याकडे पाठ करून बसवेना, आणि तोंड करूनही बसवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती परत गेली. पोती एका बाजूला कलंडली होती आणि धार मनगटाएवढी झाली होती. ढीग वाढला होता. तिनं कान दिला तर आतून आवाज येत होता, कुणी घशात पाणी घोळवावं तसा. ती खाली बसली, बरोबर आणलेल्या कडीच्या डब्यात ते पाणी भरून घेतलं, झाकण लावलं, डबा पदराखाली धरला आणि फुलसिंगच्या घरावरून न जाता मागच्या पांदीनं सडकेला लागली. घरी फक्त धुरपतीला सांगितलं, की मिनाजवळून हलू नको.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ती हिंगोलीला निघाली. वाटभर तिला एकच भीती. मी तिकडे पोचेपर्यंत इकडे फुटला तर? आणि दुसरी भीती त्या पहिलीच्या पाठीला लागूनच: मी सांगितलं आणि त्यांनी खोदलं तर? एकदा तिला वाटलं, उतरावं आणि परत जावं. जीप थांबलीही होती, कुणीतरी कोंबड्या घेऊन चढत होतं. ती उठली, आणि परत बसली.

पाटबंधाऱ्याच्या हापिसात तिला बराच वेळ कुणी विचारलं नाही. हिरव्या फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, आरसे लावलेली, हातभर बांगड्यांची बाई डबा घेऊन उभी आहे म्हटल्यावर शिपायाला वाटलं, कुणाचं तरी जेवण आणलंय. शेवटी एक तरुण इंजिनिअर बाहेर आला. प्रज्ञेश त्याचं नाव, हिंगोलीचाच पोरगा, नुकताच नोकरीला लागलेला. त्यानं तिला मावशी म्हटलं आणि बाकावर बसवलं. तिनं डबा उघडला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. वाटेत माती सगळी खाली बसली होती. वरचं पाणी निवळशंख होतं.

"हे गढूळ होतं," ती म्हणाली. "देवाशप्पथ सायेब, हे गढूळ होतं."

तिला वाटलं, आता हा हसेल आणि परत पाठवील. आणि खोटं कशाला बोला, तिला आतून थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. आता पाप आपल्यावर नाही. पण प्रज्ञेशनं डबा तिरका केला, पाणी ओतून दिलं आणि तळाचा गाळ बोटावर घेऊन चोळला. त्याचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, हे सकाळचं आहे का, आणि उत्तर ऐकायला न थांबता जीपच्या ड्रायव्हरला हाका मारायला लागला. त्याला घाबरलेला पाहून रुख्मिणीबाई खरी घाबरली. तोवर तिला आशा होती, की शिकलेल्या माणसाला यात काही विशेष दिसणार नाही.

जीप तांड्यात शिरली तेव्हा लोक भरावाखाली जमलेलेच होते. धार आता मांडीएवढी होती आणि ओढा लाल-काळा वाहत होता. प्रज्ञेश भरावावर चढला, रुख्मिणीबाई त्याच्या मागं. वर पाण्यात, काठापासून थोडं आत, एक भोवरा फिरत होता. लहानसाच. पळसाचं एक पान त्यात गेलं, दोनदा गरगरलं आणि खाली ओढलं गेलं. ते पुन्हा वर आलं नाही.

प्रज्ञेश खाली आला आणि फुलसिंगला विचारलं, इथं पायाचा चर किती खोल गेलाय. फुलसिंग म्हणाला, नकाशात असेल तेवढा. प्रज्ञेशनं त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"नकाशाचं नका सांगू, नायक. चर पुरा असंल तर माझ्याजवळ आज रात्रीपर्यंत वेळ आहे. नसंल तर घंटाभर पण न्हाई. मला फक्त एवढंच पाहिजे, किती खोल?"

इतकी माणसं उभी होती, आणि पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. रुख्मिणीबाईला वाटलं, तिनं बोलू नये म्हणून सगळे तिच्याकडे बघताहेत. की बोलावं म्हणून बघताहेत? तिला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"कमरेइतका," ती म्हणाली. "खाली लेकरं हायेत आमची."

प्रज्ञेशला अर्थ कळायला क्षणभर लागला. त्यानं कुणाला दोष दिला नाही, तेवढा वेळच नव्हता. त्यानं सांगितलं, की सगळी घरं आत्ताच्या आत्ता रिकामी करा, माळावर चढा, आणि जेवढे हात आहेत तेवढे सांडव्यावर चला. सांडव्याच्या तोंडाला पाणी अडवणारी दगडी आड आहे, ती फोडून पाणी उतरवलं तरच भरावावरचा भार कमी होईल.

बायका घरांकडे धावल्या. रुख्मिणीबाई आत शिरली तर मिना बाजेवर लेकराला छातीशी धरून बसली होती आणि धुरपती दारात आडवी. जळवा झाला नाही, बाळंतीण उंबऱ्याबाहेर कशी जाईल? मिनाही डोळे मोठे करून सासूकडे बघत होती. ती याआधी एक लेकरू गमावलेली पोर. रीत मोडायची तिला भीती, आणि रीत पाळायचीही भीती. रुख्मिणीबाईनं माठातलं तांब्याभर पाणी घेतलं, तिच्या पायावर ओतलं आणि म्हणाली, झाला जळवा, ऊठ. धुरपतीनं कपाळावर हात मारला, पण बाजूला झाली.

सांडव्यावर आली तर तिथं काम सुरूच झालं नव्हतं. माणसं पहारी घेऊन उभी होती आणि आडेवर रणजीत उभा होता, हात पसरून. त्याच्या पाठीमागं, उताराला, त्याची हळद. हिरवीगार, हातभर उंच, पावसानं धुतलेली. आजवर सांडव्याचं पाणी कडेनं जायचं, आड फुटली की लोंढा तिच्यावरूनच जाणार होता. फुलसिंग खाली मान घालून उभा होता. प्रज्ञेश रणजीतला काहीतरी समजावून सांगत होता आणि रणजीतला ऐकूच येत नव्हतं.

"याडी," तो म्हणाला. तो रडत होता. "ही हळद गेली तर मी काय करू? मिनाला परत कोपीत न्हेऊ का?"

"न्हे," रुख्मिणीबाई म्हणाली. "न्हेता येईल अशी तर ऱ्हाऊ दे तिला."

तो हलला नाही. तिनं कुणाच्या तरी हातातली पहार घेतली, त्याच्या पायाशी गेली आणि आडेच्या दगडाला घातली. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसरा घाव घातला. पहार धड लागत नव्हती, तिसरा घाव जवळजवळ पोराच्या पायावर पडला असता. मग फुलसिंग पुढं आला. त्यानं डोक्याचं पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि तिच्या शेजारी पहार मारायला लागला. नायकानं हात घातल्यावर बाकीचे थांबले नाहीत. रणजीतला कुणीतरी खाली ओढला. थोड्या वेळानं तोही आला, आणि सगळ्यांत जोरात तोच मारत होता.

दगड निघाला, मग दुसरा, आणि पाण्यानं बाकीचे स्वतःच उखडले. सगळे मागं सरले. पाणी हळदीवर गेलं. रणजीतनं पाहिलं नाही, पण रुख्मिणीबाईनं पाहिलं. कुणीतरी पाहायला पाहिजे असं तिला वाटलं. पलीकडे भरावाचा एक तुकडा, पळसांच्या जागेवरचा, कुणी वरून पाय दिल्यासारखा खाली बसला. माळावर बायकांनी एकदम आवाज काढला. प्रज्ञेशनं डोळे मिटून घेतले होते. तुकडा बसला आणि तिथंच राहिला. पाणी हळूहळू उतरत गेलं, भोवरा थांबला, धार मनगटाएवढी झाली, मग करंगळीएवढी. संध्याकाळपर्यंत कुणी घरात गेलं नाही. माळावर, एका प्लास्टिकच्या कागदाखाली, मिना बसली होती आणि लेकरू भुकेनं ओरडत होतं. तो आवाज रुख्मिणीबाईनं दुरून ऐकला, आणि तेव्हा कुठं तिला श्वास आला.

मग व्हायचं ते झालं. तलावाच्या तळाला डबकं राहिलं. हळद गेली. दसऱ्यानंतर ट्रक आला आणि मुकादम रणजीतकडे बघून हसला. मिना लेकराला पाठीशी बांधून ट्रकमध्ये चढली. रुख्मिणीबाई शेळ्यांसाठी मागं राहिली. त्या हिवाळ्यात तिला पाण्याची भीती नव्हती, पण थंडी वाढली की कोपी आठवायची, सडकेवर मोटार थांबली की ती दारात यायची आणि निरोप्या नाही हे पाहून आत जायची. ज्याच्यासाठी तलाव फोडला ते लेकरू फडातच गेलं तर? हे ती कुणाशी बोलली नाही. पाडव्याला ट्रक परत आला. मिना उतरली. लेकरू तिच्या कडेवर होतं, काळं पडलेलं, नाक वाहणारं, आणि आजीला न ओळखून रडणारं. रुख्मिणीबाईनं त्याला इतकं घट्ट धरलं की ते आणखी रडलं.

त्याच उन्हाळ्यात प्रज्ञेश दुरुस्तीचं काम मंजूर करून घेऊन आला. त्यानं कागदावर काय लिहिलं होतं कोण जाणे, पण तांड्यावर काही बालंट आलं नाही. त्यानं फक्त सांगितलं, की बसलेला भराव काढावा लागेल आणि तिथला चर कठीण मुरमापर्यंत न्यावा लागेल. मशीन आणतो म्हणाला. फुलसिंगनं बायकांकडे पाहिलं. रुख्मिणीबाई म्हणाली, वरचं मशीननं काढा. कमरेच्या खाली आमी खोदू.

वरचा भराव निघाला, बायकांनी घातलेली काळी माती निघाली, आणि मग जुनी जमीन उघडी पडली. पळस केव्हाच गेले होते, पण कुणाचं लेकरू कुठं, हे प्रत्येकीला माहीत होतं. कुणी टिकाव उचलेना. रुख्मिणीबाई खाली उतरली. फेटियाचा घोळ खोचला, जे निघेल ते ठेवायला नवं पांढरं फडकं काठावर पसरून ठेवलं, आणि रुपाच्या जागी बसून खुरप्यानं माती उकरायला लागली. चुकून टिकाव कशाला लागू नये म्हणून खुरपं; आणि पुढं तेही बाजूला ठेवून नुसता हात. तिचा जीव बोटांत आला होता. प्रत्येक खडा बोटाला लागला की ती थांबायची, डोळे मिटायची, मग बघायची. खडाच असायचा.

ती वीतभर खाली गेली, हातभर खाली गेली. जिथं रुपाला ठेवलं होतं त्याच्याही खाली गेली. तपकिरी माती लागली, मग पिवळट माती. पळसाचं एक कुजलं मूळ निघालं. दुसरं काही निघालं नाही. ना हाड, ना पायातला वाळा, ना तिनं गुंडाळलेल्या साडीचा धागा.

"याडी," वरून मिनानं विचारलं. लेकरू तिच्या कडेवर होतं. "निघालं काही?"

"न्हाई," रुख्मिणीबाई म्हणाली. "माती हाय."

इतकी वर्षं काहीतरी निघेल म्हणून ती भ्याली होती. त्या भीतीपायी तांडा बुडायला निघाला होता. आणि आता काहीच निघालं नाही, तर तिला ते सोसवेना. ती त्या खड्ड्यात बसली आणि रुपा गेली त्या दिवशीही रडली नव्हती तशी रडली. काठावरच्या बायकांपैकी कुणी तिला उठवायला गेलं नाही.

मग एकेक करून त्या खाली उतरल्या आणि आपापल्या जागी जाऊन बसल्या. रुख्मिणीबाईनं फडक्यानंच तोंड पुसलं, ते कमरेला खोचलं आणि टिकाव हातात घेतला. कठीण मुरूम अजून बराच खाली होता.